विरी गेलेलं पीठ

मी सणसरचा, फौजेतला रिटायर्ड हवालदार. पंधरा ऑगस्टला कुठं ना कुठं भाषणाला बोलावतात. सगळ्यांना लढाईच ऐकायची असते. मी पिठाचं सांगायला लागलो की खुर्च्या हलायला लागतात. हलू देत.

आमची पोस्ट उत्तरेला, बर्फात होती. सकाळी स्टँड-टू, म्हणजे बंदूक घेऊन सज्ज उभं राहायचं, मग बर्फ हटवायचा, तोच वितळवून पाणी करायचं, मग ड्यूटी. खायला लंगरचा, म्हणजे फौजी स्वयंपाकघरातला, पराठा नाहीतर डबाबंद. नाईक दत्ता बारामतीकडच्या पणदऱ्याचा. त्याला पराठ्याचा अगदी वीट आला होता. शेवटी त्याच्या वडिलांनी, तात्यांनी, घरची ज्वारी दळून पिठाची पिशवी धाडली. बायको गेल्यापासून तात्या स्वतःच भाकरी थापायचे.

पिशवी बेस कॅम्पला पडून राहिली. हेलिकॉप्टर यायचं, केरोसिन आणायचं, गोळ्या आणायचं. दत्तानं रेडिओवर विचारलं की एकच उत्तर, "राशन पहले, पार्सल बाद में." अरे, मग भाकरी काय खेळणं आहे? डोकं फिरायचं नुसतं!

पिशवी आली तोवर पिठाची विरी गेली होती. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याचा चिकटपणा जातो, भाकरी थापताना चिरते. घरी अशा वेळी उकळतं पाणी घालतात. पण तेवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळतं आणि हवं तेवढं तापतच नाही. पेटीच्या झाकणावर आम्ही थापत होतो. तव्यावर टाकली की तुकडे.

"गव्हाचं पीठ घाल की थोडं," मी म्हणालो.

"भेसळ न्हाय करायची. तात्यांनी धाडलंय."

"मग दुधात कुस्करून खा, मर्दा!"

"अख्खी झाली की खाईन."

तेवढ्यात सुभेदार साहेबांची हाक आली. खालच्या पोस्टची टेलिफोन लाइन तुटली होती. "दत्ता, एक जवान लेके जाओ. लाइन चेक करो."

"जी साहब." जाता जाता मला म्हणाला, "पुन्हा मळ. पाणी अजून तापव."

मी मळत होतो, तेव्हा कड्यावरून बर्फ सुटला. साहेब रेडिओवर ओरडत होते, "लाइन पार्टी, जवाब दो. लाइन पार्टी, ओव्हर." सोबतचा जवान रांगत वर आला. दत्ताला आम्ही फावड्यांनी, मग हातांनी उकरून काढलं. तो गेला होता.

सुट्टीवर आल्यावर पणदऱ्याला गेलो. तात्या म्हणाले, "लोकं येत्यात, शूर हुता म्हणत्यात. त्यानं भाकरी खाल्ली का, ते कुणी सांगत न्हाय. तू सांग."

खोटं बोलायचं ठरवून गेलो होतो. जमलं नाही.

"न्हाय, तात्या. पीठ शिळं झालं हुतं. भाकरी मोडत हुती."

"मंजी चूक माझीच. पीठ न्हवतं धाडायचं. ज्वारी धाडायची, संगं जातं धाडायचं."

"जातं? तितं माणूस चढता चढत न्हाय, तात्या! जातं कोण चढवणार?"

"माझा दत्ता."

मी चिडलो. बापाच्या वयाच्या माणसावर आवाज चढवला, चूक तुमची नाही म्हणून ओरडलो. ते मान हलवत राहिले.

दरवर्षी, तो गेला त्या तारखेला, पणदऱ्याला जातो. तात्या तेच म्हणतात, मी तसाच भांडतो आणि दरवर्षी हरून परत येतो. कारण नाईक दत्तानं ते जातं खरंच चढवलं असतं.