मावशींच्या गुडघ्यावर टॅक्स

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे किस्से जमवावे लागत नाहीत. दोन दिवस ग्रुप म्यूट करा, तिसऱ्या दिवशी उघडा. शिळे-ताजे सगळे एकदम अंगावर येतात!

आमचा ग्रुप डोंबिवलीतल्या एका शाळेचा. शिशुवर्गाच्या सुलभा मावशी रिटायर होणार होत्या. नोकरी कॉन्ट्रॅक्टवरची, पेन्शन नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळालेली आणि नेमके सत्तर हजार कमी पडत होते. आम्ही सत्तर पालकांनी हजार-हजार काढायचं ठरवलं. इथपर्यंत सगळे शहाण्यासारखे वागले.

मग संदीप महाजन जागे झाले. हे ग्रुपचे ॲडमिन. "पन्नास हजारांच्या वर गिफ्ट गेलं की टॅक्स! मावशींना नोटीस आली तर कोण जबाबदार?"

मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. मी लिहिलं, "अहो, गिफ्ट धरूनसुद्धा मावशींचं वर्षाचं उत्पन्न टॅक्सच्या जवळपास जात नाही. द्या बिनधास्त."

चौदा अंगठे आले. वाचलं कोणीच नव्हतं. महाजनांचं उत्तर आलं, "तरी सेफ राहिलेलं बरं." पैसे त्यांच्याकडेच जमा होते, त्यामुळे सेफ तेच होते!

* * *

दुसऱ्या दिवशी आर्यच्या बाबांचा मला खाजगीत मेसेज. "मॅडम, टॅक्स वाचवायला हजाराची एटी-जीची पावती मिळेल ना?"

म्हटलं, "ती ट्रस्टला दिलेल्या देणगीची मिळते. मावशी ट्रस्ट नाहीत."

"मग रजिस्टर करून घ्या ना त्यांना!"

* * *

कुणीतरी शोध लावला, की रोख आणि दागिने या हिशेबात धरतात, घरगुती वस्तू धरत नाहीत. झालं! ग्रुपवर एक्झिबिशनच भरलं. फ्रिज, ओव्हन, रोबोट झाडू. मावशींनी जन्मभर हातात झाडू धरला, आता तो आपोआप चालताना बघायचा म्हणे.

सर्वांत जास्त मतं पडली व्यायामाच्या सायकलला.

मी विचारलं, "गुडघे दुखणाऱ्या बाईला सायकल?"

मायराची आई म्हणाली, "अगं, ती एका जागी उभी असते. पडणार नाहीत त्या!"

मला हसू आलं नाही, संताप आला. ऑपरेशनला दहा दिवस उरले होते.

* * *

शेवटी आम्ही तिघं पालक, निरोप समारंभात पैसे द्यायची परवानगी मागायला मुख्याध्यापिकांकडे गेलो. बाई गंभीर झाल्या. "आमच्या पॉलिसीत बसत नाही. स्टाफने पालकांकडून काहीही घ्यायचं नाही."

टेबलावर आम्हीच पाठवलेला दिवाळीचा ड्रायफ्रूटचा डबा उघडा होता. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं.

"हे गिफ्ट नाही हो, हे प्रेम आहे," बाई म्हणाल्या आणि एक काजू उचलला. "बरं, तुमचं तुम्ही द्या. आम्हाला माहीत नाही असं समजा. फक्त मागे शाळेचा बॅनर लावा."

* * *

निरोप समारंभ. महाजन पाकीट घेऊन आले, सोबत टॅक्ससाठी स्वतःच तयार केलेला तीन पानी फॉर्म. आधी सही, मग पाकीट! माझं डोकंच फिरलं, पण मावशी शांतपणे खुर्चीत बसल्या होत्या, पाय लांब करून.

"मावशी, एक रकाना राहिलाय," महाजन माइकवरच म्हणाले. "देणाऱ्याशी नातं. नातेवाइकांनी दिलं तर टॅक्स माफ असतो, पण तुमचं आमचं तसं काही नाही. तर काय लिहू?"

मावशींनी चष्मा वर केला. "साहेब, नाव काय तुमचं?"

"संदीप महाजन."

"कोपरला राहणारा? मधल्या सुट्टीत रडायचास तो?"

माइक चालूच होता. "मी... हो. याच शाळेत होतो."

"मग लिही की रे, 'ह्याची चड्डी मी बदललेली.' वर्षभर, रोज, डबा खाऊन झाला की."

सत्तर पालक आणि बॅनरखाली मुख्याध्यापिका. महाजनांनी माइक बंद केला. पाकीट दोन्ही हातांनी मावशींना दिलं, खाली वाकले आणि त्यांच्याच खुर्चीच्या हातावर फॉर्म टेकवून तो रकाना भरला.

मी डोकावून बघितलं. लिहिलं होतं, "जवळचं."