कोपर आत

ऑपरेशन थिएटरच्या दारात नवा माणूस दिसला की मामा स्वतःची दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवून दाखवायचे आणि म्हणायचे, "कोपर आत, साहेब." दवाखान्यातले असे मामा तुम्हीही पाहिले असतील, हाक सगळेच मारतात, पूर्ण नाव कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. आमचे मामा वाटूरचे. मी जालन्यात सर्जन म्हणून रुजू झालो तेव्हा पहिला धडा त्यांनीच दिला, आणि मला त्याचा रागच आला होता.

मणक्यात स्क्रू बसवायला मदत करणारा रोबोट आला, तेव्हा मामा त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "याचं कोपर लई लांब हाय. याला कोण सांगावं?"

पहिल्याच महिन्यात वडीगोद्रीची एक बाई आली. गच्चीवरून पडून मणका मोडलेला. अशा वेळी कमरेच्या हाडात एक छोटी चौकट रोवतात. तिच्यावरूनच रोबोटला मणक्यांची जागा कळते. चौकट जराशी सरकली तरी तो तितक्याच ठामपणे चुकीची जागा दाखवतो. मी ड्रिल हातात घेतलं आणि मामा हळूच म्हणाले, "साहेब, तुमचं कोपर लागलं चौकटीला. मी बघून राह्यलो."

रोबोटच्या कंपनीची माणसं शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "मामा, तुम्ही बाहेर थांबा."

ते गेले, पण माझा हात पुढे जाईना. एक्स-रे काढून पाहिला तर चौकट खरंच सरकली होती. सगळी जुळवणी नव्याने केली. स्क्रू नीट बसले, बाई स्वतःच्या पायांनी घरी गेली.

पुढे माझा सत्कार झाला. चूक माझ्या वेळीच लक्षात आली, असं मी भाषणात सांगितलं. मामा शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटते.

ते निवृत्त झाले त्या दिवशी माफी मागायची ठरवून मी शाल घेऊन गेलो आणि नुसताच घुटमळलो. तेच म्हणाले, "कोपर लागतं, साहेब. बाई चालून राह्यली ना, झालं मंग."

गेल्या महिन्यात मामा वारले. परवा एका नव्या डॉक्टर मुलीला मी दारातच म्हणालो, "कोपर आत." तिने हसून विचारलं, "सर, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "अनुभवानं."