खलास म्हणायचं राहिलं

पांडू तेलीने रॉडेलची बोटं दारात चिरडली तेव्हा मी तिथून चार हातांवर उभा होतो आणि मी काही केलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे पांडूला नावं ठेवताना माझी जीभ फार सैल सुटेल.

आखातातल्या जुबैलच्या आमच्या कॅम्पात पांडूला सगळे टरकून असत. देवगडकडचा गडी, रुंद खांद्यांचा. फॅब्रिकेशन यार्डात ग्राइंडर चालवायचा. दिवसाचे अकरा तास ते थरथरणारं धूड हातात धरून वेल्डिंगचे सांधे घासायचे, हे त्याचं काम. राग नाकावर नव्हे, मुठीत. आमटी पातळ आहे म्हणून त्याने मेसच्या आचाऱ्याच्या डोक्यात स्टीलचं ताट हाणलं होतं. बसमधल्या जागेवरून एका पठाण ड्रायव्हरचे दोन दात पाडले होते. मी हाशम, दाभोळचा, स्टोअरकीपर. माझ्याशी तो नीट वागायचा, कारण हातमोजे माझ्याकडून मिळत.

या माणसाची एकच दुखरी जागा होती, ती म्हणजे त्याचा धाकटा भाऊ विनोद. बाप होडीसकट समुद्रात गेला तेव्हा विनोद पाच वर्षांचा होता. पांडूने त्याला वाढवला, आणि आई कृष्णाबाई नको नको म्हणत असताना अल-खोबरला नोकरीला आणला. 'त्येका काय झाला तर माका तोंड दाखव नको,' असं म्हातारीने विमानतळावर पांडूला बजावलं होतं.

आणि मग एक्याण्णवच्या जानेवारीत लढाई पेटली. पहिल्याच आठवड्यात खोबरच्या बाजूने असे स्फोट ऐकू आले की आमच्या पत्र्याच्या केबिनी हादरल्या. सकाळी टेलिफोन लागेनात. पांडूने दोन दिवस जेवणाला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी रॉडेल धावत आला. हा फिलिपिनो, कॅम्पचा इलेक्ट्रिशियन. बारीक, हसरा, सगळ्या कॅम्पात गिटार एकट्याकडेच. तो ऑफिसात वायर जोडत असताना खोबरहून फोन आला होता. तिथल्या कंपनीने माणसांचे एक्झिटचे कागद पुरे करून त्यांना बसने जेद्दाला पाठवलं होतं, तिथून विमानाने घरी. क्लार्कने अरबीत सांगितलं, विनोद खलास. म्हणजे विनोदचं काम झालं, सुटला. रॉडेल ही आनंदाची बातमी घेऊन पळत सुटला आणि आमच्या केबिनच्या दारात उभा राहून, दात दाखवत, आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "पांडू! तेरा भाई खलास! गया!"

इथे कुणी ध चा मा केला नव्हता. शब्द तोच होता. पण अरबीत खलास म्हणजे संपलं, झालं, आटोपलं. मेसमधली रांग खलास, ड्यूटी खलास. आम्हीही दिवसातून शंभरदा तसंच म्हणायचो. पण ज्याच्या भावाकडे बॉम्ब पडताहेत त्याला त्या क्षणी अरबी ऐकू येत नाही. त्याला मायबोलीच ऐकू येते, आणि आपल्याकडे खलास एकाच अर्थाने होतात.

"माझो भाव मेलो आणि हो हसता!" एवढंच पांडू ओरडला. पहिला ठोसा रॉडेलच्या तोंडावर बसला, दुसरा बरगडीत. रॉडेल रक्त थुंकत बाहेर पळाला, तोल गेला म्हणून त्याने दाराची चौकट धरली. पांडूने दाराला लाथ घातली. लोखंडी दार ते. आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि तो दाराचा नव्हता.

मग मला वाचा फुटली. "अरे सुटला म्हणतोय तो! घरी गेला विनोद!" मी ओरडलो. पांडूने दार उघडलं. रॉडेलच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचा चेंदा झाला होता. पांडू ती बोटं पाहत राहिला आणि खाली बसून त्याने स्वतःचं कपाळ दारावर आपटायला सुरुवात केली. शेवटी केबिनीतल्या आम्ही दोघातिघांनी त्याला ओढून बाजूला काढलं.

दवाखान्यात रॉडेलच्या तर्जनीची दोन पेरं कापली, मधलं बोट वाकडंच राहिलं. कॅम्प बॉसने विचारलं, कसं झालं? रॉडेल म्हणाला, "शमाल." शमाल म्हणजे तिकडचा वाळूचा वारा. वाऱ्याने दार आपटलं. त्या दिवशी पानही हललं नव्हतं. त्याने पांडूला का वाचवलं हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही धड कळलेलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर पांडूला पोलिसांत दिला असता आणि वर दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. रॉडेलला सात वर्षांची मुलगी होती, लिगाया. तो दर महिन्याला तिला कॅसेटमध्ये आवाज भरून पाठवायचा. शेवटी गिटारवर एक अंगाई वाजवायचा, त्याने स्वतः रचलेली, आणि ती संपली की म्हणायचा, 'खलास.' मग पोरीने टेप बंद करून झोपायचं. फेब्रुवारीत बायकोचं पत्र आलं. शाळेत कुणीतरी लिगायाला सांगितलं होतं की लढाईत आखातातले सगळे मेले. पोरगी जेवत नव्हती. पत्रावर तिचा विश्वास नव्हता, पत्र कुणीही लिहील म्हणायची. बाबा जिवंत असेल तर वाजवेल, हा तिचा हिशोब.

रॉडेलने ते पत्र मला वाचून दाखवलं तेव्हा पांडू पलीकडच्या खाटेवर होता. तो उठला, गिटार खुंटीवरून काढली आणि रॉडेलसमोर धरली. डावा हात तुझा, उजवा माझा, असं त्याने खुणेने सांगितलं. रॉडेलच्या ओळखीचा एक माणूस बारा दिवसांनी मनिलाला जाणार होता. तेवढाच वेळ.

गिटारच्या तारा छेडायला प्लास्टिकची एक तिकोनी नखी लागते. मी स्टोअरमधल्या जुन्या हेल्मेटची आतली पट्टी कापून दिली. पांडूने ती अशी आवळून धरली की ग्राइंडरचा दांडाच. पहिल्या फटक्यात तार तुटून रॉडेलच्या गालावर ओरखडा उठला. दुसऱ्या दिवशी नखी उडून भाताच्या ताटात. बरं, नुसती पकड नव्हे, त्याचा हातच थरथरायचा. अकरा तास यंत्र धरलेला हात यंत्र बंद झाल्यावरही तासभर थांबत नाही. संध्याकाळी त्याच्या हातात चहाचा ग्लास खुळखुळे. आवळून धरली की तारा ओरडत, सैल सोडली की नखी खाली.

"लूज, लूज!" रॉडेल ओरडायचा आणि डाव्या हाताने चमच्याचा फटका पांडूच्या मनगटावर हाणायचा. त्याचा हा हक्क सगळ्यांनी मान्य केला होता. पांडू मार खायचा. आयुष्यात पहिल्यांदा खात असावा. सहाव्या दिवशी मात्र त्याने खिळ्यावर टांगलेला आरसा एका बुक्कीत फोडला. "ह्या माझ्याच्यान जमाचा नाय, हाशमभाय. हो हात मारूकच केललो आसा."

माझं डोकं फिरलं. "अरे मेल्या, नखी दांड्यासारखी मुठीत काय आवळतोस? गरवायला कधी गेला नाहीस? गरीची दोरी कशी धरतोस?"

"बापाशीवांगडा गेल्लंय मी," तो म्हणाला. बापाबरोबर गेला होता.

आमच्या किनाऱ्यावर गळाने मासे धरण्याला गरवणं म्हणतात. दोरी तर्जनीच्या बाजूवर घ्यायची, वर अंगठा नुसता टेकवायचा. आवळलीस तर मासा टोचला ते कळत नाही, सोडलीस तर दोरी गेली. होडी हलते, हात हलतो, पण दोरी बोटावरून ढळत नाही. पांडूने नखी उचलली, तर्जनी वाकवली, बाजूवर नखी ठेवली आणि अंगठा टेकवला. डोळे मिटले. हात थरथरतच होता, पण नखी बोटात होती. त्याने एक तार छेडली. ती वाजली, ओरडली नाही. रॉडेलने चमचा बाजूला ठेवला.

बारावा दिवस उजाडला, बुधवार. मनिलाला जाणाऱ्यांची बस मगरीबनंतर, म्हणजे सांजेच्या नमाजानंतर निघणार होती. जवळ कोरी कॅसेट एकच. रॉडेलने आपलं बोलणं भरलं, आता अंगाई तेवढी राहिली होती. पांडू त्याच्या उजव्या अंगाला चिकटून बसला, दोघांच्या मांडीवर एकच गिटार. रॉडेल टेपरेकॉर्डरच्या बटणाकडे हात नेतो न नेतो तोच सायरन वाजला.

आमच्या कॅम्पात गॅसचे मास्क आलेच नव्हते. ओले टॉवेल तोंडावर धरायचे आणि खाटेखाली शिरायचं. आम्ही शिरलो. वर आकाशात काहीतरी फुटलं, आणि मग दुसऱ्यांदा, इतकं जवळ की माझे दात एकमेकांवर आपटले. खिडकीची काच आत आली. एसी चौकटीतून निघून जमिनीवर आदळला. एक तापलेला लोखंडी तुकडा पत्र्यातून घुसून जमिनीत रुतला, तिथली सतरंजी जळू लागली. जरा वेळापूर्वी तिथे मी बसलो होतो. बाहेर कुणीतरी आईच्या नावाने टाहो फोडत होतं. मी घाबरलो होतो आणि मला घाबरल्याची लाज वाटत नव्हती.

मग बाहेर हॉर्न सुरू झाला. बसचा ड्रायव्हर थांबायला तयार नव्हता. पांडू खाटेखालून निघाला. त्याच्या दंडात काच घुसली होती आणि कोपरावरून रक्त ठिबकत होतं. त्याने सतरंजी पायाने तुडवून विझवली. रॉडेल खाटेखाली गोळा होऊन बसला होता, टॉवेलात तोंड, मान हलवत, नाही नाही. पांडूने त्याला कॉलरला धरून ओढून बाहेर काढला. मला वाटलं, आता हा पुन्हा मारणार. त्याने त्याला खाटेवर आपटला, गिटार मांडीवर दाबली, त्याचा डावा हात मनगटाला धरून तारांवर नेला आणि बोटं एकेक करून दाबली.

"धर! धर, मेल्या! यल्ला!"

रॉडेलने धरलं. मी बटण दाबलं. पांडूने नखी बोटाच्या बाजूवर घेतली. रक्त गिटारच्या लाकडावर पडत होतं, हॉर्न केकाटत होता, आणि तो हात, ज्याने दात पाडले होते, पहिली तार छेडून दुसरीवर गेला. अंगाई मोठी नव्हती. दोन ठिकाणी जोरात लागली, एकदा नखी निसटता निसटता राहिली. पण पुरी झाली. शेवटचा सूर विरला तेव्हा सवयीने रॉडेलने तोंड उघडलं, शब्द ओठांवर आला, आणि त्याची नजर पांडूवर गेली. तो शब्द त्या केबिनीत महिनाभर कुणी उच्चारला नव्हता. रॉडेलने तोंड मिटलं. मी बटण दाबलं. पांडू कॅसेट घेऊन तसाच रक्ताळलेला बसमागे धावला.

लढाई संपली. एप्रिलमध्ये लिगायाची कॅसेट आली. शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून मी परतलो तर दोघे माझी वाट पाहत बसलेले. लावली. पोरीचा आवाज खणखणीत होता. ती जेवत होती, शाळेत जात होती. रॉडेल हसत हसत आम्हाला सांगत होता. मग त्याचं हसू थांबलं.

"क्या बोली?" पांडूने विचारलं.

रॉडेलने टेप मागे घेतली, पुन्हा ऐकली. "बोली, लेफ्ट हाथ पापा का है. राइट हाथ किसका? वो मारता है." थोडं थांबून तो म्हणाला, "बोली, पापा का राइट हाथ किधर गया?"

टेप फिरत होती. रॉडेलने अजून एक वाक्य सांगितलं. पोरगी म्हणत होती, तुम्ही खलास म्हणाला नाहीत, म्हणून मी पूर्ण टेप संपेपर्यंत कान लावून बसते, रोज बसते.

उत्तर लगेच भरायचं ठरलं. रॉडेल आपल्या भाषेत बोलू लागला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मधेच एक ओळखीचा शब्द आला. शमाल. पांडूनेही तो ऐकला.

त्याने रॉडेलच्या हातातून टेपरेकॉर्डर घेतला. घेतला कसला, हिसकावला. कपाळावर घाम, गळ्याची शीर टरारलेली. त्या माणसाला मी ठोसे मारताना पाहिलंय, पण इतका घाबरलेला कधी नाही.

"नो शमाल," तो मशीनमध्ये म्हणाला. "मी. पांडू. पापा हँड, मी ब्रेक." इंग्रजी तिथेच संपलं. मग तो मालवणीत सांगू लागला, जणू पोरगी समोरच बसली आहे. "बाये, तुझ्या बापाशीचो हात मी मोडलंय. त्येचा काय चुकला नाय. मी शब्द चुकीचो आयकलंय." त्याने मशीन खाटेवर ठेवलं आणि गिटारला हात घातला.

दोघांनी अंगाई वाजवली. या वेळी कुठेच जोरात लागली नाही. शेवटचा सूर थांबला. रॉडेल काही म्हणेना, खाली पाहत राहिला. टेप फिरत होती. पांडूने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मशीनवर वाकला आणि हळूच म्हणाला,

"खलास, बाये. नीज आता."