एका हाताचा बाजारभाव

सुवालालशेठ यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या ओरडण्यानं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पिंपळवंडीच्या शाळेत नुकताच शिक्षक झालो होतो. लहानपणीच्या पोलिओनं माझा डावा पाय अधू आहे. अपंगांच्या सवलतींची माहिती शेठना असते असं कळलं, म्हणून मंचरला त्यांच्या कांदा-बटाट्याच्या आडतीवर गेलो आणि सवयीनं म्हणालो, "शेठ, काही मेहेरबानी होईल का?"

"मेहेरबानी?" शेठ गादीवरून उठलेच. "गुरुजी, तुमी शिकलेली मान्सं आसं बोलाय लागली तर बाकीच्यांनी काय करायचं? हक्काचं हाय, ताठ उभं राहून मागा!"

अधू पायाच्या माणसाला ताठ उभं राहायला सांगणारे हे गृहस्थ मला तेव्हाच आवडले. पुढच्या खेपेला गेलो तर आडतीच्या पायऱ्या फोडून तिथं उतार बांधून घेतलेला. "हातगाडीसाठी केलाय," असं ते आजही सांगतात.

आडतीवर रोजचे भाव फळ्यावर लिहितात. शेठनी त्या फळ्याचा खालचा भाग योजनांना दिला होता. मथळा त्यांचाच, 'एका हाताचा बाजारभाव'. कारखान्यात हात गेला तर विम्यातून दरमहा पेन्शन. सरकारी नोकरीत गेला तर नोकरी शाबूत. दुसऱ्याच्या शेतात मळणी मशीनमध्ये गेला तर निराधार योजनेतले चार पैसे, तेही जमीन नसेल तर, कमावता मुलगा नसेल तर आणि साहेबांच्या मनात आलं तर. एसटीची सवलत तेवढी सगळ्यांना, कारण कचेरीचे हेलपाटे सगळ्यांनाच घालायचे असतात. कांद्याचा भाव प्रत बघून ठरतो हे समजू शकतं. माणसाच्या हाताची प्रत तो कुठं तुटला यावरून कोणत्या शहाण्यानं ठरवली? मला अजून याचा संताप येतो.

महाळुंगे पडवळच्या हिराबाईंचा उजवा हात असाच मळणीत गेला. नवरा नाही, मूल नाही, जमीन नाही. त्या एकट्याच तालुक्याला गेल्या आणि अर्ज नामंजूर झाला. कारण काय, तर बाई गरीब दिसत नाहीत! त्या शेजारणीचं जरीकाठी लुगडं नेसून, तिचीच बोरमाळ घालून गेल्या होत्या.

"आक्का, आसं नटून कशाला गेला?" मी विचारलं.

"मोठ्या मान्सांफुडं जायाचं, गुरुजी. फाटकं नेसून गावाची आब्रू घालवू व्हय?"

मी म्हटलं, पुढच्या वेळी जुनं नेसा. शेठ माझ्यावरच कडाडले, "गरिबीचं सोंग आनायला लावता? आक्का, तेच लुगडं नेसायचं. मी येतो संगं."

कचेरीत आम्हां तिघांना दिवसभर ताटकळत ठेवलं. शेठ जैन, सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नाहीत. दिवस मावळायला आला तरी ते जागचे हलले नाहीत. अखेर आत बोलावलं. साहेबांनी बोरमाळेकडं पाहून तोंड वाकडं केलं, तसे शेठ म्हणाले, "साहेब, लुगडं उसनं हाय, बोरमाळ उसनी हाय. गेलेला हात तेवढा तिचा सोताचा हाय."

अर्ज मंजूर झाला. शेठ त्या रात्री उपाशीच झोपले, हे मला त्यांच्या घरून नंतर कळलं.

तेव्हापासून किती जणांना त्यांनी असं दारोदार सोबत केली, याची मोजदाद त्यांनी ठेवलेली नाही. शेठ आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यानिमित्त ठरलेल्या या सत्काराला ते तयारच नव्हते. "फळा अजून तसाच हाय आन् तुमी हार कसले घालता?" असं त्यांनी सत्कार समितीला सुनावलं. शेवटी हिराबाईंनी जाऊन सांगितलं, शाल मी घालणार. त्या दिवशी त्या जरीकाठी लुगडं नेसून येणार आहेत. या वेळी ते त्यांचं स्वतःचं आहे.

शेठ, आपणांस निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो, आणि आपला आवाज असाच चढा राहो. ज्या दिवशी सगळ्या हातांचा भाव एक होईल, त्या दिवशी तो फळा आपण पुसायचा आहे. तोवर आपल्याला थकायची परवानगी नाही.