शिवणाच्या मशीनचं तेल

तू पत्रात विचारलं आहेस, की गाडीचे ब्रेक घरीच बदलावेत की जवळच्या मेकॅनिककडे गाडी द्यावी. तुझी बहीण म्हणते घरीच कर, आणि दाखला देते आजोबांचा, की ते त्या काळी आपली गाडी स्वतः दुरुस्त करायचे. हे तिला कुणी सांगितलं ते मला ठाऊक आहे. आजोबांनीच. त्यांनी सांगितली नाही ती उरलेली गोष्ट मी सांगते. आजोबांबद्दल तुमचं मत फार चांगलं आहे, ते यामुळे थोडं खाली येईल. येऊ दे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आम्ही गिरगावात एका वाडीत राहत होतो. आजोबा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत, मी मुलींच्या शाळेत इंग्रजी. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी जुनी काळी मोटार घेतली होती. ती वाडीच्या विहिरीशेजारी उभी असे. तिच्याबरोबर इंग्रजी माहितीपुस्तक मिळालं होतं, ते मी मोठ्याने वाचायचं आणि आजोबांनी खाली झोपून नट फिरवायचे, अशी रविवारची पद्धत पडली. वाडीचे तिन्ही मजले गॅलरीतून सल्ले देत. दर वेळी दोन-तीन नट उरत. ते मी बिस्किटांच्या डब्यात तारखेची चिठ्ठी लावून ठेवत असे.

आजोबांचं म्हणणं, गॅरेजवाले सगळे चोर. नवा भाग लावला म्हणतात आणि जुनाच पुसून बसवतात. शिवाय तेव्हा 'आपलं आपण' ही हवाच होती. आपलं राज्य आपण चालवू, तर आपली गाडी का नाही? तरी ब्रेकचं काम आलं तेव्हा मी हट्ट धरला की हे घरी करायचं नाही. मग भोईवाड्याचे मिस्त्री आले.

हे मिस्त्री युद्धाच्या काळात लष्कराच्या मोटारखात्यात शिकलेले, पुढे माझगावला गोदीत नोकरी केलेली. राहायला डिलाईल रोडच्या चाळीत. नुकतीच त्यांनी नोकरी सोडून भोईवाड्यात पत्र्याची शेड टाकली होती. त्याच सुमाराला त्यांच्या सगळ्या चाळीने बौद्ध धम्म स्वीकारला होता. हे मला मुद्दाम सांगावं लागतं, कारण पुढे त्याचाही संबंध जोडला गेला.

त्यांची एक रीत होती. काढलेला प्रत्येक जुना भाग ते कागदात गुंडाळून मालकाच्या हातात देत. "उद्या कुणी म्हणायला नको, बदललाच नाही." गाडी दसऱ्याला हवी म्हणून आजोबांनी त्यांना खंडेनवमीलाच बोलावलं. त्या दिवशी सगळे कारागीर हत्यारांची पूजा करतात, कामाला हात लावत नाहीत. मिस्त्रींनी पूजा सोडली होती, म्हणून ते आले. ब्रेकच्या नळ्यांतलं तेल चाकाशी दाबून धरणाऱ्या छोट्या रबरी वाट्या असतात, त्या त्यांनी सगळ्या बदलल्या आणि जुन्या कागदात बांधून मला दिल्या. जाताना बजावलं, "तेल थोडं खाली जाईल. वर ओतायचं तर ब्रेकचंच तेल. दुसरं काही नाही." मी ते वहीत लिहून ठेवलं. आजोबा तेव्हा गाडीला झेंडूचा हार घालत होते.

काही दिवसांनी हरताळ पडला. दुकानं बंद, शाळा-कॉलेजं बंद. आजोबांना दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन दादरला सभेला जायचं होतं. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, तर तेल खाली गेलेलं. ते स्वयंपाकघरात आले, फळीवरून माझ्या शिवणाच्या मशीनच्या तेलाची बाटली उचलली आणि गेले. मला वाटलं, दाराच्या बिजागऱ्या कुरकुरत असतील.

दहाएक दिवसांनी आजोबा मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, घेऊन परळला निघाले. लालबागच्या पुढे ब्रेक दाबला तो पायाखाली तळाला गेला. गाडी फूटपाथवर चढली आणि एका केळीवाल्याच्या हातगाडीला धडकून थांबली. कुणाला लागलं नाही, फक्त मामंजींच्या कपाळाला टेंगूळ आलं. पण गाडी ढकलत वाडीत आणेपर्यंत निकाल लागून गेला होता. मिस्त्रीने सडकं रबर घातलं. मामंजींनी वर जोड दिली, की खंडेनवमीला हत्यार चालवलं की दुसरं काय होणार, या लोकांना आता देव उरला नाही. त्या दिवशी बोलावलं कुणी होतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

वाडीत एक डॉक्टर राहत. त्यांचं प्रसूतिगृह होतं आणि बायकांना ने-आण करायला एक गाडी होती. तिच्या देखभालीचं कायमचं काम ते मिस्त्रींना देणार होते, आमच्याच शब्दावर. ते काम मिळालं की शेड टिकणार होती, नाही तर परत गोदीच्या दारात उभं राहणं आलं. मिस्त्रींनीच मला हे सांगितलं होतं. आता डॉक्टर म्हणाले, बाळंतिणीची गाडी असल्या माणसाच्या हाती कशी द्यायची?

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आपणहून आले. वाडी गॅलरीत जमलीच होती. त्यांनी झाकण उघडलं, बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, वास घेतला.

"साहेब, यात काय ओतलंत?"

"काही नाही. तूच भरून गेलास ते."

मी चहा घेऊन जिन्याच्या पायरीवर उभी होते. चहा कान तुटलेल्या कपात होता. तो कप मिस्त्रींसाठी वेगळा ठेवलेला असे, आणि तो वेगळा ठेवण्याचं काम घरातली सर्वांत व्यवस्थित बाई करत असे, म्हणजे मी. फळीवर तो तेलाच्या बाटलीच्या शेजारीच असायचा. बाटली अर्धी झालेली मी सकाळीच पाहिली होती.

"हे शिवणाच्या मशीनचं तेल आहे," मिस्त्री म्हणाले. "रबर फुगतं त्यानं. त्यापेक्षा पोरांचं एरंडेल ओतलं असतं तरी निभावलं असतं."

वरच्या मजल्यावर हशा पिकला. एरंडेलावर प्रत्येकाला काही ना काही सुचलं. आजोबांचा चेहरा लाल झाला. "तू मला शिकवतोस? द्रव कोणताही असो, दाब सारखाच पोचतो. कॉलेजात मी हेच शिकवतो." डॉक्टरांनी मान डोलावली. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. त्यांनी हात पुसले, पाने पिशवीत घातले आणि चहा न घेता गेले.

मुलांनो, मला राग कुणाचा आला म्हणता? आजोबांचा आला, मामंजींचा आला, हसणाऱ्या तिन्ही मजल्यांचा आला. सभेत 'ही मुंबई कष्टकऱ्यांच्या हातांनी उभी केली' हे वाक्य आलं की हेच आजोबा टाळ्या पिटत, आणि दारात आलेला कष्टकऱ्याचा हात चोराचा ठरवत. पण पायरीवर मुकी उभी राहिलेली बाई मला सगळ्यांत जास्त खुपली.

बिस्किटांच्या डब्यात ती कागदाची पुडी होतीच. त्यातल्या दोन सारख्या वाट्या काढल्या, दोन काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत मशीनचं तेल, दुसरीत एरंडेल. दोन्हींवर इंग्रजीत चिठ्ठ्या चिकटवल्या, तारीख घातली आणि बरण्या गॅलरीच्या कठड्यापाशी सगळ्यांना दिसतील अशा ठेवल्या. आजोबा येता-जाता बघत आणि विचारत नसत. आठव्या दिवशी एरंडेलातली वाटी होती तशीच होती. मशीनच्या तेलातली वाटी फुगून भजीसारखी झाली होती.

मी डॉक्टरांना बोलावलं, आणि आजोबा घरात असतानाच बोलावलं. दोन्ही वाट्या पांढऱ्या बशीत काढून ठेवल्या आणि म्हटलं, बाटली माझी होती, ती यांनी नेली, मी पाहिलं होतं. डॉक्टरांनी फुगलेली वाटी नखाने दाबून पाहिली. मग म्हणाले, "तुमचं खरं दिसतंय. पण वहिनी, मी कालच दुसऱ्या गॅरेजला शब्द दिला." चहा घेतला आणि गेले. मिस्त्रींचं नाव घालवायला वाडीला एक सकाळ पुरली होती, आणि माझे आठ दिवस डॉक्टरांच्या एका शब्दापुढे उणे पडले.

आजोबा म्हणाले, "लोकांसमोर माझी शोभा केलीस."

"तुम्ही त्यांना लोकांसमोरच बोललात," मी म्हटलं. "आता भोईवाड्याला जाऊन तसंच लोकांसमोर सांगा."

ते चिठ्ठी लिहून देतो म्हणाले. ती त्यांनी लिहिली, छान इंग्रजीत. चूक कुणाची याचा कुठे पत्ता लागू नये अशी. ती मी फाडली आणि बरण्या पिशवीत घालून एकटी भोईवाड्याला गेले.

मिस्त्रींनी मला बसायला खुर्ची दिली, कप दिला, आणि तो कानाचा होता. मशीनच्या तेलाची बरणी उजेडात धरून त्यांनी बराच वेळ पाहिली. मी माफी मागितली. ते म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुम्ही तिथंच उभ्या होतात." आवाज चढवला नाही. मग त्यांनी ती बरणी शेडमधल्या फळीवर, गिऱ्हाइकाला समोर दिसेल अशी ठेवली आणि म्हणाले, "गाडी आणा. ब्रेक नीट करून देतो. पण साहेबांनी स्वतः आणायची."

आजोबा गेले नाहीत. गाडी सहा महिने विहिरीशेजारी उभी राहिली, तिच्यावर वाडीतल्या बायका पापड वाळत घालू लागल्या. मग त्यांनी ती विकली आणि पेट्रोल परवडत नाही असं सगळ्यांना सांगितलं. भोईवाड्याला जाऊन दोन वाक्यं बोलण्यापेक्षा त्यांना जन्मभर बसच्या रांगेत उभं राहणं सोपं वाटलं. मिस्त्रींची शेड दीड वर्षाने बंद झाली. ते गोदीत परत गेल्याचं मला कुणीतरी सांगितलं. बरणीचं काय झालं ते मी विचारलं नाही.

तर ब्रेक घरी बदल, नाही तर मेकॅनिककडे दे, मला दोन्ही चालेल. तुझ्या बहिणीला हे पत्र वाचायला दे. आणि घरी बदललेस, आणि मागाहून मेकॅनिकला बोलवावं लागलं, तर त्याने झाकण उघडायच्या आधी त्याला सांग, आत काय ओतलं आहेस ते.