पाळण्याला नावे

कस्तुराबाईंच्या घरी दिवाळी दोन महिने उशिरा येते, असे आमच्या इमारतीतले शेजारी म्हणत असत. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या दारातून करंज्यांचा वास जिन्यात उतरे आणि पंचवीस तारखेला प्रत्येक मराठी घरी एक झाकलेले ताट पोहोचे. "निपाणीकडची माणसं, तिकडची काही पद्धत असेल," असा निर्वाळा देऊन आम्ही करंज्या संपवीत असू. ताट रिकामे परत करू नये म्हणून त्यात चमचाभर साखर घालण्याची रीत सर्वांनी पाळली. करंज्या नेमक्या त्याच दिवशी का, हे विचारण्याची रीत मात्र आमच्यात नव्हती.

शेजाऱ्यांना तरी दोष कसा द्यावा? बंगळुरातल्या एचएसआर लेआउटमधली माणसे पुराव्यावर चालतात आणि पुरावे भक्कम होते. नाव कस्तुराबाई. हातात पाटल्या. कपाळ मोकळे, पण ते पती सूर्यकांत वारल्यामुळे. रविवारी सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडत, त्या अर्थातच भाजीला, कारण परतताना पिशवीत भाजी असे. भाजीखाली ख्रिस्ती गीतांचे पुस्तक असे. परंतु ते दिसण्यासाठी कोणीतरी वजन उचलू लागायला हवे होते.

कस्तुराबाई तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. वडील निपाणीजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर. रविवारी चिपळ्या घेऊन बाजारच्या गावी ख्रिस्तचरित्रावर कीर्तन करीत. त्यांनीच एक पाळणा रचला होता आणि आई तो दर नाताळला गावच्या देवळात म्हणत असे; त्या घरात चर्चला देऊळच म्हणत. बंगळुरात आल्यावर कस्तुराबाई अठ्ठावीस वर्षे चर्चच्या गायकवृंदात मागच्या रांगेत उभ्या राहिल्या, इंग्रजी आणि कानडी गायल्या. मराठीची तिथे कोणाला गरज नव्हती. तो पाळणा करंज्या भरतानाच काय तो म्हटला जाई. आता त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या, वरचा सूर फाटू लागला होता, आणि आवाज सगळाच जाण्यापूर्वी एकदा चार माणसांपुढे उभे राहून आईसारखा हा पाळणा म्हणावा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ट्रंक कॉल जोडण्याची. चौतीस वर्षांत दोन सवयी जडल्या: दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडायचे नाही, आणि ते संपले की कानडीत "सरी" म्हणायचे. लोक त्याचा अर्थ "मान्य" असा घेत. एक्स्चेंजमध्ये त्याचा अर्थ "ऐकू आलं" एवढाच होता.

गेल्या वर्षी सोसायटीने ख्रिसमस कॉन्सर्ट ठरवली. प्रत्येक भाषेला एक एकल गीत. मराठीची जबाबदारी पुण्याहून आलेल्या यशोवर्धनाने आणि त्याची पत्नी शाल्मली हिने स्वीकारली, म्हणजे त्यांच्याआधी कोणी हात वर केला नाही. संक्रांतीला कस्तुराबाईंनी जात्यावरची ओवी म्हटली होती, ती कोणाला तरी आठवली आणि त्यांना क्लबहाउसमध्ये बोलावणे गेले. त्यांनी तिथेच पाळण्याचे पहिले कडवे म्हणून दाखवले.

"मरीयेच्या मांडीवरी, निजे जगाचा कैवारी..."

यशोवर्धनाने हात वर केला. "आक्का, सुपर. पण ही मरीआई म्हणजे पटकीची देवी ना? आजोबांच्या गावी वेशीवर देऊळ होतं तिचं. ख्रिसमसला पटकीची देवी जरा... कोणीतरी ऑब्जेक्शन घेईल."

"आणि गोठा, बाळ, गाई म्हणजे गोकुळ झालं," शाल्मली म्हणाली. "गोड आहे हो, पण बारशाचं वाटतं. ख्रिसमसचं काहीतरी हवं ना."

"म्हणजे काय हवं की?" कस्तुराबाईंनी विचारले.

"स्नो. घंटा. एक वाइब असते, आक्का."

"बर्फ आम्ही निपाणीत उसाच्या रसातच बघितला, बाई."

दोघे मनापासून हसले. त्यानंतर यशोवर्धनाने ख्रिसमस म्हणजे काय, हे त्यांना पंधरा मिनिटे समजावून सांगितले. गोष्ट बहुतांशी बरोबर होती. मेंढपाळांची संख्या तेवढी त्याने तीन केली आणि बाळाला भेटायला आलेल्या तीन राजांना वगळले. कस्तुराबाईंनी मध्ये एकही शब्द तोडला नाही. शेवटी त्याने बर्फ आणि घंटा असलेल्या एका इंग्रजी गाण्याचा कागद हातात ठेवला.

"मग हे फायनल, आक्का?"

"सरी," कस्तुराबाई म्हणाल्या.

मराठीच्या वाट्याच्या एकमेव गाण्यात मराठीचा एकही शब्द नाही, हे दोघांपैकी कोणाच्याच लक्षात आले नाही.

कॉन्सर्टच्या संध्याकाळी त्या पांढऱ्या साडीत आल्या. शाल्मलीने दिलेली लाल गोंड्याची टोपी त्यांनी नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. ध्वनिक्षेपकातून घंटा वाजू लागल्या, तेव्हा त्यांनी एक्स्चेंजमधली चुकीची लाइन तोडावी तशी हाताने खूण केली. घंटा थांबल्या. मग त्यांनी पाळणा सुरू केला.

आवाज पातळ होता. तिसऱ्या कडव्यात वरचा सूर फाटला. त्या थांबल्या, पाण्याचा घोट घेतला आणि तीच ओळ पुन्हा, पहिल्यापासून, फाटू न देता म्हटली. पहिल्या रांगेतले एक कन्नड आजोबा, ज्यांना शब्द कळण्याची शक्यता नव्हती, हात जोडून उभे राहिले. आमची मराठी रांग, जिला प्रत्येक शब्द कळत होता, यशोवर्धनाच्या तोंडाकडे पाहत होती. टाळी वाजवायची की नाही, हे तो ठरवणार होता.

त्याने एका हातातल्या मोबाइलवर दुसऱ्या हाताने वाजवली. व्यासपीठाच्या पायऱ्यांशी मात्र तो सर्वांच्या आधी पोहोचला.

"आक्का, ठरलं काय होतं आपलं? तुम्ही सरी म्हणालात! ख्रिसमसला कोणी बारशाचं गाणं म्हणतं का?"

कस्तुराबाईंनी त्याचे बोलणे पूर्ण होऊ दिले. मग पर्समधली टोपी काढून त्याच्या हातात दिली.

"बारसंच आहे ते, आणि आमच्या घरचं आहे. नाव आम्ही कधीच ठेवलंय. तुम्ही बसा आता नावं ठेवत."