आईच्या तारणाची काळजी

आमच्या घरात तारणाचा वाद जेवणाच्या टेबलावर सुरू व्हायचा आणि निकाल स्वयंपाकघरात लागायचा. पप्पा चर्चच्या मंडळीचे पंच. त्यांच्या मते तारण मिळतं ते फक्त ख्रिस्तावरच्या विश्वासानं. माणसानं कितीही चांगली कामं केली तरी त्यांच्या जोरावर स्वर्गात शिरता येत नाही. "बरं," आई म्हणायची, "मग आज भांडी विश्वासानंच घासा."

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रीतिभोजन असतं, म्हणजे उपासनेनंतर सगळ्यांनी एकत्र जेवायचं. काळ्या मसाल्याचा रस्सा आईकडे. उपदेशाच्या शेवटी पाळकसाहेब विचारतात, "आज बोलावणं आलं तर स्वर्गात जाणार अशी ज्यांची खात्री आहे, त्यांनी हात वर करा." पप्पांचा हात प्रश्न संपायच्या आत वर. द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकून नुकतेच टेकलेले, उपदेशाचा शब्दही न ऐकलेले लोकसुद्धा ऐटीत हात वर करतात. आई तेव्हा मागच्या शेडमध्ये पातेल्यापाशी. तिचा हात कधी वर झालाच नाही.

इतकी वर्षं पप्पांना त्याचं काही वाटलं नाही. पण गेल्या वर्षी आईची अँजिओप्लास्टी झाली आणि त्यांचं धाबं दणाणलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, मी तिकडे पोचलो आणि ही तिथं नसलीच तर?" मला हसूही आलं आणि भरूनही आलं.

दोन महिन्यांत आई कोणाचं न ऐकता पुन्हा पातेल्यापाशी हजर. त्या रविवारी उपदेश संपत आला तसे पप्पा उठून शेडमध्ये आले. मी तिथंच कांदा चिरत होते.

"आत जा. हात वर करून ये."

"अहो, रस्सा खाली लागेल."

"मी ढवळतो."

दोघांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण पप्पांनी पळी धरलेली मी पहिल्यांदाच पाहिली. आई पदराला हात पुसत गेली. पप्पा सगळा वेळ दाराकडे बघत राहिले आणि रस्सा लागायचा तसा खाली लागला.

आई परत आली.

"केलास हात वर?"

"नाही."

पप्पांचा चेहरा पडला. "का गं?"

"सगळ्यांनी केले. मी तुमच्या खुर्चीकडे बघितलं, तर ती रिकामी. तुम्ही नाही तिथं मी एकटी जाऊन काय करू?"

पप्पा रस्सा ढवळत राहिले, आईनं गॅस बंद केल्यावरही.